नंदकुमाराचा कर्जरोखा आणि त्याचे साक्षीदार

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



गेल्या महिन्यात आपले चिटणीस माझ्या घरी आले व म्हणाले, “गुरुजी, यंदाच्या संमेलनात आपण इतिहासावर चार शब्द बोलावे.” इतिहास हा विषय मी पुष्कळ वर्षे मुलांना शिकविला हे खरे, परंतु शिकविणे निराळे आणि जाणणे निराळे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यापुढे शिक्षकाच्या नोकरीस लागणारी पदविका घेतली, इतकेच. तेव्हा विद्वानाचा अधिकार मजपाशी नाही. सेवानिवृत्तीनंतर वाचनास सवड मिळाली आणि त्या वाचनात एक जुना खटला माझ्या मनात घर करून बसला. तोच आज आपणांपुढे मांडावा असे योजिले आहे.

हा विषय निवडण्यास कारणही तसेच घडले आहे. मंडळाने ज्ञातीचा इतिहास छापावयाचे ठरविले असून त्यासाठी घरोघरचे जुने कागद मागविले आहेत. महजर, वाटणीपत्रे, कर्जरोखे, इनामांच्या नकला असे कागद येऊ लागलेही आहेत. कागद येतो तो एकटा येत नाही. त्याच्याबरोबर एक माणूस येतो आणि सांगतो की, हा आमच्या पणजोबांचा, याची अस्सल प्रत मी लहानपणी डोळ्यांनी पाहिली आहे. अशा वेळी आपण बहुधा कागद वाचीत नाही, त्या माणसाच्या तोंडाकडे पाहतो. म्हणून साक्षीदाराच्या खरेपणाविषयी दोन गोष्टी बोलाव्या असे वाटले. उदाहरण मात्र दूरचे, बंगालचे घेतो. घरचे घेतले म्हणजे श्रोते कागद सोडून नाती मोजू लागतात. घरचे उदाहरण शेवटी यावयाचे आहेच; त्यास माझा इलाज नाही.

साल १७७५. आपल्याकडे नारायणरावांच्या खुनानंतरचा तो धामधुमीचा काळ. त्या वर्षाच्या मार्च महिन्याच्या ६ तारखेस राघोबादादांनी मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला हे शाळेत शिकलेल्या प्रत्येकास आठवत असेल. तो तह कलकत्त्याच्या ज्या कौन्सिलाने पुढे अमान्य केला, त्याच कौन्सिलापुढे मार्चच्या ११ तारखेस दुसरे एक प्रकरण निघाले. कौन्सिलात पाच माणसे होती. गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज व त्याचा पाठीराखा बारवेल हे एका बाजूस. क्लॅव्हरिंग, मॉन्सन आणि फिलिप फ्रान्सिस हे तिघे विरुद्ध बाजूस. त्या दिवशी फ्रान्सिसने महाराजा नंदकुमार याचे एक पत्र कौन्सिलापुढे ठेवले. हेस्टिंग्जने मुर्शिदाबादच्या मुन्नी बेगमेकडून व इतरांकडून मिळून साडेतीन लाखांहून अधिक रुपये लाच घेतली असा त्यात आरोप होता.

नंदकुमार हा बीरभूमकडील भद्रपूरचा ब्राह्मण. नबाबी अमलात त्याने मोठमोठे अधिकार भोगले होते, कंपनीच्या वतीने वसुलाचेही काम केले होते. वय सत्तरीच्या घरात. त्याला संत समजण्याचे कारण नाही. त्या काळच्या बंगालच्या राजकारणात जी माणसे वर आली, त्यांच्यापैकी कोणाचेच हात फारसे स्वच्छ नव्हते. गोऱ्यांचे तर नव्हतेच. पुढे दोन महिनेही गेले नाहीत तो, ६ मे रोजी, नंदकुमारासच अटक झाली. आरोप होता खोटा दस्तऐवज केल्याचा. आरोप करणारा हेस्टिंग्ज नव्हता. मोहनप्रसाद नावाचा एक गृहस्थ एका मृत सावकाराच्या वारसांतर्फे फिर्यादी म्हणून उभा होता.

आता तो दस्तऐवज पाहू. कारण सगळे नाट्य त्याच्याभोवती आहे.

बुलाकीदास नावाचा एक मोठा सराफ होता. त्याने नंदकुमारास लिहून दिलेला म्हणून एक फारशी कर्जरोखा होता. त्यावर बंगाली सन ११७२ चा भाद्र महिना, म्हणजे इ. स. १७६५ चा ऑगस्ट, अशी मिती होती. मजकुराचा सारांश असा : नंदकुमाराच्या वतीने मोत्यांचा कंठा, कलगी, शिरपेच वगैरे जवाहीर विक्रीकरिता मजकडे ठेविले होते. नबाब मीर कासीमच्या फौजेचा पाडाव झाला त्या लुटालुटीत ते गेले. त्याची किंमत ४८,०२१ सिक्का रुपये मी देणे लागतो, आणि कंपनीकडून माझे येणे आले म्हणजे रुपयामागे चार आणे वाढावा धरून फेडीन. खाली बुलाकीदासाची मोहोर, आणि तीन साक्षी. एक मेहताब राय याची मोहोर, दुसरी बुलाकीदासाचा वकील सिलाबत याची सही, तिसरी एक मोहोर, तिच्यावर अक्षरे ‘अब्दहू महंमद कमाल’.

बुलाकीदास १७६९ साली वारला. त्यानंतर त्याच्या मिळकतीची व्यवस्था पाहणारा पद्ममोहनदास याने या रोख्यापोटी नंदकुमारास कंपनीचे रोखे देऊन हिशेब पुरा केला. पुढे पद्ममोहनदासही वारला. वारसांमध्ये तंटे झाले, दिवाणी दावा झाला, कागद न्यायालयाच्या दप्तरात पडून राहिले. तेथून तो रोखा बाहेर निघाला तो १७७५ साली, नव्या सुप्रीम कोर्टात फौजदारी पुरावा म्हणून.

म्हणजे स्थिती काय झाली ती ध्यानात घ्या. लिहून देणारा मेलेला. फेड करणारा मेलेला. साक्षीदारांपैकी सिलाबत मेलेला. मेहताब राय कोठे आहे कोणास ठाऊक नाही. फिर्यादीच्या बाजूची माणसे म्हणत की असा मनुष्य कधी नव्हताच, बचावाची माणसे म्हणत की आम्ही त्यास ओळखत होतो. उरला तो कमाल. हा कमाल कोण, यावरच एका माणसाचे प्राण लटकले.

फिर्यादीने कमालुद्दीन अलीखान नावाचा एक इसम साक्षीस आणला. त्याने मोहोर पाहून सांगितले, “ही माझी. खानाचा किताब मिळण्यापूर्वीची. काही वर्षांमागे नबाबाकडे एक अर्ज पाठवावयाचा होता, त्यावर उमटविण्यासाठी ती मी नंदकुमाराकडे पाठविली. परत आली नाही. रोख्यावर ती मी उमटविलेली नाही.” तो आणखी म्हणाला की, नंदकुमाराने आपण होऊन मला सांगितले की तुझी मोहोर मी बुलाकीदासाच्या रोख्यावर उमटविली आहे, तेव्हा तू तशी साक्ष दे. मी उत्तर केले की, धन्यासाठी मनुष्य प्राण देईल, पण धर्म देणार नाही.

आपल्यापैकी जे वडीलधारे आहेत त्यांना मोहोरेचे महत्त्व सांगावयास नको. आज आपण अंगठा किंवा सही म्हणतो ते काम तेव्हा मोहोर करी. आणि जी वस्तू मुनशीच्या हाती देता येते ती दुसऱ्याच्याही हाती जाऊ शकते. त्यामुळे कमालुद्दीनाची हकीकत अशक्य कोटीतील नाही. आपल्याकडील महजरांवर पाटलाच्या नावापुढे नांगर आणि शेट्याच्या नावापुढे तराजू काढलेला असतो, तो कित्येकदा लिहिणाऱ्या कुलकर्ण्यानेच काढलेला असतो. नांगराच्या चित्रावरून पाटील तेथे बसला होता की नाही हे कळत नाही.

मग कमालुद्दीन खरे बोलला काय? येथे मी थोडा थांबतो, कारण ही जागा मोठी बिकट आहे. हा मनुष्य हिजलीकडील मिठाच्या मक्त्यात गुंतलेला होता. त्याच वर्षी एप्रिलात त्याने नंदकुमार व फौक नावाचा एक इंग्रज यांच्याविरुद्ध, हेस्टिंग्जवर खोटे आळ घेण्यास मला भाग पाडले, अशी फिर्याद केली होती. म्हणजे तो या प्रकरणात त्रयस्थ नव्हता, उघडउघड एका पक्षाचा होता. एवढ्यावरून त्याची साक्ष टाकून द्यावी असे कोणासही वाटेल. परंतु ख्वाजा पेट्रूस नावाचे एक आर्मेनी व्यापारी आणि मुनशी सद्रुद्दीन या दोघांनी कोर्टात सांगितले की, कमालुद्दीनाने मोहोरेची ही हकीकत आम्हांस पूर्वीच, या भांडणाचे नावही नव्हते तेव्हा, सांगितली होती. हे खरे असेल तर हकीकत १७७५ साली बनविलेली नव्हती. पुन्हा हे दोघे तरी कोण, कोणाच्या मर्जीतले, असा प्रश्न येतो. साक्षीदारास आधार दुसऱ्या साक्षीदाराचा, त्यास तिसऱ्याचा. ही उतरंड कोठेतरी जमिनीवर टेकली पाहिजे, आणि या खटल्यात ती कोठे टेकते ते मला अजून सापडलेले नाही.

बचावाचे म्हणणे निराळे होते. मोहोर या कमालुद्दीनाची नव्हेच. महंमद कमाल नावाचा दुसरा एक मनुष्य होता, त्याची ती होती, आणि तो आता हयात नाही. कमाल हे नाव काही दुर्मीळ नव्हे. पण ज्याची मोहोर तो मेला, हे म्हणणे सोयीचेही फार.

सिलाबताच्या सहीविषयी जी साक्ष झाली ती मला सर्वांत विलक्षण वाटते. शोभाबाजारचे राजा नवकृष्ण, एके काळचे क्लाईव्हचे मुनशी, साक्षीस आले. कलकत्त्याच्या सार्वजनिक जीवनात ते नंदकुमाराच्या विरुद्ध बाजूचे गणले जात. सिलाबताचे अक्षर त्यांच्या नित्य परिचयाचे. रोख्यावरील अक्षर त्याच्या अक्षराशी जुळत नाही असे त्यांनी सांगितले. परंतु शपथेवर खात्रीपूर्वक सांगा म्हणताच ते अडखळले. कैदी ब्राह्मण, मी कायस्थ. ब्राह्मणाच्या प्राणाची गोष्ट आहे, ती क्षुल्लक नव्हे, माझ्या धर्मास बाध येईल, अशा आशयाचे ते बोलले. आता या अडखळण्याचा अर्थ काय लावावा? एक म्हणेल, पाहा, विरुद्ध पक्षाचा असूनही किती जपून बोलतो. असाच मनुष्य विश्वासास पात्र. दुसरा म्हणेल, न बोलता बोलण्याची ही हातोटी. स्पष्ट शब्दांनी झाला नसता एवढा घात त्या मौनाने केला. मी पुष्कळ वर्षे वर्गात उभा राहिलो आहे. फळ्यावर खोडसाळ चित्र कोणी काढले असे विचारले असता जो मुलगा मान खाली घालून गप्प बसे, तो मित्राला वाचवीत असे की शत्रूला गोवीत असे, हे मला शेवटपर्यंत नक्की ओळखता आले नाही.

आता बचावाचे साक्षीदार. ते एकदोन नव्हते, एकामागून एक बरेच आले. आम्ही स्वतः हजर होतो, आमच्या डोळ्यांदेखत बुलाकीदासाने रोखा करून दिला, साक्षीदारांनी आमच्यासमोर मोहोरा उमटविल्या, असे कित्येकांनी सांगितले. दहा वर्षांपूर्वीचा प्रसंग त्यांना काल घडल्यासारखा आठवत होता. न्यायाधीशांनी व ज्यूरीने नेमका तेथेच त्यांच्यावरचा विश्वास सोडला. सामान्य माणसास दहा वर्षांपूर्वीचे एवढे आठवत नाही. आणि सर्वांना सारखेच आठवते तेव्हा ते आठवलेले नसून पाठ केलेले असते, असे त्यांचे मत झाले.

हा खटला ज्या रीतीने चालला ती रीतही सांगितली पाहिजे. सर इलायजा इंपे हे सरन्यायाधीश. त्यांच्याबरोबर चेंबर्स, हाईड व लेमेस्टर. हे सगळे विलायतेहून येऊन वर्षही पुरते झाले नव्हते. जूनचा महिना, कलकत्त्याचा उकाडा. ८ तारखेपासून खटला खंड न पाडता चालला आणि १६ तारखेस ज्यूरीने दोषी म्हणून निकाल दिला. ज्यूरीतील बाराही असामी कलकत्त्यातील गोऱ्या समाजातील. फिर्यादीचा वकील कच्चा म्हणून न्यायाधीशच बचावाच्या साक्षीदारांना उलटसुलट प्रश्न विचारीत. नंदकुमाराचा वकील फॅरर हा हुशार होता, पण त्या काळच्या इंग्रजी कायद्याने अशा खटल्यात आरोपीच्या वकिलास पुराव्यासंबंधी ज्यूरीपुढे भाषण करण्याची परवानगीच नव्हती. साक्षी देशी भाषांतून, ऐकणारे इंग्रज. मध्ये दुभाषा म्हणून अलेक्झांडर इलियट हा एक तरुण होता, वय विशीच्या आसपास. एका वृद्धाचे प्राण त्या पोराच्या भाषांतरावर अवलंबून होते. हाच इलियट पुढे १७७८ साली हेस्टिंग्जचा वकील म्हणून नागपूरकर मुधोजी भोसल्यांकडे येण्यास निघाला आणि वाटेतच सारंगगडाजवळ वारला. बंगालच्या या खटल्याचा धागा असा आपल्या प्रांताच्या वेशीपर्यंत येऊन तुटला आहे.

खोट्या दस्तऐवजास मृत्यूची शिक्षा ही इंग्लंडच्या कायद्याची देणगी. आपल्या देशात ती कोणाच्या स्वप्नातही नव्हती. यापूर्वी दहा वर्षे, १७६५ साली, याच गुन्ह्यासाठी कलकत्त्यास राधाचरण मित्र यास देहान्ताची शिक्षा झाली होती, परंतु तिची अंमलबजावणी झाली नाही. नंदकुमारास ती सवलत मिळाली नाही. ५ ऑगस्ट १७७५ रोजी हजारोंच्या समोर त्यास फाशी दिले. तो शांतपणे गेला.

निकालानंतरचीही एक गोष्ट आहे, आणि तीही कागदाचीच आहे. फाशीच्या आदल्या दिवशी नंदकुमाराचा एक अर्ज क्लॅव्हरिंगकडे पोचला होता. त्याने तो लगेच उघड केला नाही. कौन्सिलापुढे ठेवला तो १४ ऑगस्टला, अर्जदार या जगात नसताना. त्यात न्यायाधीशांवर आरोप होते. तेव्हा हा अर्ज म्हणजे न्यायासनाची बदनामी आहे, तो जाहीर रीतीने जाळून टाकावा, अशी सूचना कोणी आणली असेल? फ्रान्सिसने. ज्याने मार्चमध्ये नंदकुमाराचे पत्र हाती धरून हेस्टिंग्जवर चाल केली, त्यानेच ऑगस्टमध्ये नंदकुमाराचा शेवटचा कागद जाळावयास लावला. परंतु हेस्टिंग्जने त्याची नक्कल न्यायाधीशांना देऊन ठेविली होती. तेरा वर्षांनी, १७८८ साली, इंपे याच्यावर पार्लमेंटात दोषारोप आले तेव्हा ती नक्कल त्याने बाहेर काढली आणि फ्रान्सिसचे तोंड बंद झाले. आरोप आणणारा सर गिल्बर्ट इलियट हा त्या दुभाष्या इलियटचाच भाऊ. ठराव ५५ विरुद्ध ७३ मतांनी फेटाळला गेला. मेलेल्या साक्षीदाराचा कागद कोणाच्या उपयोगी पडेल ते सांगता येत नाही, हे मात्र यावरून दिसते.

आमच्या गुरुजींच्या पिढीने हा खटला मेकॉलेच्या १८४१ सालच्या निबंधात वाचला होता. त्या निबंधाने इंपेला काळा रंग फासला आणि तो रंग दोन पिढ्या टिकला. नंतर १८८५ साली सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी खटल्याचा छापील वृत्तान्त ओळ न् ओळ तपासून दोन भागांचे पुस्तक लिहिले आणि निर्णय दिला की, इंपेने खटला न्यायाने चालविला व पुरावा पाहता ज्यूरीचा निकाल योग्य होता. लगेच दुसऱ्या वर्षी हेन्री बेव्हरिज यांनी त्याच वृत्तान्तावरून उलट पुस्तक लिहिले : रोखा खरा होता, आणि न्यायाच्या नावाखाली झालेला तो खून होता. बेव्हरिज बंगालमध्ये न्यायाधीश होते. बाबरनाम्याचे इंग्रजी भाषांतर करणाऱ्या ॲनेट बेव्हरिज त्या त्यांच्याच पत्नी. आणि स्टीफन म्हणजे १८७२ चा आपला साक्षीपुराव्याचा कायदा ज्यांनी रचला ते. हा कायदा २०२४ च्या जूनअखेरपर्यंत आपल्या कोर्टांत चालू होता. १ जुलैपासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम आला. कोणतीही गोष्ट शाबीत करण्यास साक्षीदारांची अमुक संख्या लागत नाही असे त्या जुन्या कायद्याचे १३४ वे कलम सांगत असे, आणि नव्या कायद्यातही ते तत्त्व कायम आहे. साक्षीदार मोजावयाचे नसतात, तोलावयाचे असतात, हे ज्या गृहस्थाने कायद्यात घातले, त्यानेच नंदकुमाराचे साक्षीदार तोलले, बेव्हरिजनीही तोलले, आणि दोघांची पारडी उलट बाजूंना झुकली.

माझ्यासारख्याने यात मत देणे म्हणजे लहान तोंडी मोठा घास. तथापि इतकी वर्षे हा खटला मनात घोळवून माझी जी समजूत झाली ती सांगतो. बचावाचे पुष्कळ साक्षीदार शिकविलेले होते, याविषयी मला शंका वाटत नाही. परंतु साक्षीदार शिकविलेले होते म्हणून रोखा खोटा, हा जो उतारा ज्यूरीने काढला, तो मला पटत नाही. समजा रोखा खरा होता. दहा वर्षे लोटलेली. खरे साक्षीदार मेलेले. कोणास काही नीट आठवत नाही. अशा वेळी म्हाताऱ्याच्या हितचिंतकांनी काय केले असेल? आपणांसारखी माणसे करतात तेच. खऱ्याला आधार कमी पडतो म्हणून थोडे खोटे उभे केले. “मी तेथे असावा” याचे “मी तेथे होतो” केले. आणि त्या खोट्याने खऱ्याचा गळा कापला. फिर्यादीच्या साक्षीदारांस नंदकुमार लटकावा असे वाटत होते. बचावाच्या साक्षीदारांस तो सुटावा असे वाटत होते. पण कागदाची उत्पत्ती कशी झाली हे कळावे असे त्या कोर्टात कोणास वाटत होते, हे मला शोधूनही सापडत नाही. एकट्या नवकृष्णांच्या त्या अडखळण्यात कदाचित असेल. त्याचीही खात्री देता येत नाही.

असो. आता घरचे उदाहरण.

आपल्या मंडळाच्या १९९३ सालच्या स्मरणिकेत एक महजर छापला आहे. पुष्कळांच्या घरी ती प्रत असेल. ग्रामदेवतेच्या पालखीचा पहिला मान आपल्या ज्ञातीतील एका घराण्याचा, असा त्याचा निवाडा. छापला तो नकलेवरून. खाली पाच गृहस्थांचे निवेदन आहे की, या महजराची शिक्कामोर्तबासह अस्सल प्रत आम्ही समक्ष पाहिली आहे. त्यांत पाचवी सही माझी आहे.

ते घराणे माझ्या आजोळचे. मामा मला म्हणाले, “तू मास्तर आहेस, तुझी सही असली म्हणजे वजन येईल.” मी काय पाहिले होते ते सांगतो. मी आठनऊ वर्षांचा असताना आजोळी माळ्यावर तांबड्या रुमालात बांधलेले एक दप्तर पाहिले होते. आजोबा म्हणत की यात आपला पालखीचा कागद आहे. दप्तर माझ्यासमोर कधी सोडले गेले नाही. सोडले असते तरी मला तेव्हा मोडी येत नव्हती. ती मी सेवानिवृत्तीनंतर शिकलो. पुढे घराच्या वाटण्या झाल्या, माळा पाडला, दप्तर कोठे गेले ते कोणास ठाऊक नाही. कमालुद्दीन म्हणाला की धन्यासाठी प्राण देईन, धर्म देणार नाही. तो खरे बोलला की खोटे, देव जाणे. माझ्याकडे कोणी प्राण मागितला नव्हता. मामांनी जेवायला बसताना विचारले आणि जेवून उठल्यावर मी सही केली.

पुढील गोष्ट अधिक वाईट आहे. काही वर्षांनी महाविद्यालयातील एक तरुण प्राध्यापक जुन्या महजरांचा अभ्यास करीत माझ्याकडे आले. मोठे विनयशील गृहस्थ. त्यांनी विचारले, “गुरुजी, अस्सल प्रत आपण पाहिलीत, शिक्का कागदाच्या माथ्यावर होता की खाली?” मी क्षणभर थांबलो व म्हणालो, “माथ्यावर.” त्यांनी ते टिपून घेतले. त्या एका शब्दास आधार काही नव्हता. नंदकुमाराचे साक्षीदार मला त्या दिवसापासून निराळे वाटू लागले.

महजर खोटा आहे असे मी म्हणत नाही. अलीकडे ती मोडी नक्कल मी स्वतः दोनदा वाचली. भाषा जुन्या वळणाची आहे. गोतातील नावे इतर कागदांशी बरीचशी जुळतात. तो खरा असण्याचा संभव मला अधिक वाटतो. परंतु मान ज्या दुसऱ्या घराण्याकडून गेला तेही आपल्याच ज्ञातीतले. ते १९९३ पासून या संमेलनास येत नाहीत. त्यांचे वडील म्हणत की, कागद दाखवा, आम्ही पालखीपुढे खाली बसतो. त्यांना कागदाऐवजी पाच सह्या दाखविल्या गेल्या. पाचांपैकी तिघे आता नाहीत. चौथ्यांनी काय पाहिले ते त्यांनी सांगावे. मी त्यांच्या वतीने बोलत नाही.

इतिहास-समितीस माझी विनंती एवढीच आहे की, नव्या पुस्तकात नक्कल अवश्य छापावी, ती कोणाच्या घरून आली, कोणाच्या हातची आहे, अस्सल प्रत शेवटी कोठे होती असे ऐकिवात आहे, हे सर्व जसेच्या तसे द्यावे. आणि ते निवेदन गाळावे. निदान माझी सही तरी गाळावी. तसे पत्र मी लिहून आणले आहे, ते आज चिटणिसांच्या हवाली करतो. नकलेचे देवनागरी लिप्यंतरही सोबत जोडले आहे; ज्या चार शब्दांचा वाचनभेद संभवतो त्यांखाली रेघ ओढली आहे. प्राध्यापकांनाही पत्र टाकले आहे.

त्या पत्राची एक प्रत घेऊन मी गेल्या सोमवारी त्या दुसऱ्या घराण्याच्या घरी गेलो होतो. वडील आता हयात नाहीत. थोरले चिरंजीव भेटले. त्यांनी बसवून घेतले, चहा दिला. पत्र मात्र माझ्यासमोर उघडले नाही. सावकाश वाचतो म्हणाले, आणि खिशात ठेवले.